गंजून बसलेला डिफरन्शियलचा ड्रेन प्लग कसा काढावा: जुनी जीप जुळवणाऱ्यांसाठी

माझी जीप एका जागची नाही. चॅसी एकीकडची, इंजिन दुसरीकडचं आणि मागचा अ‍ॅक्सल एका कलमांच्या बागेत चार पावसाळे उघड्यावर पडलेला. आचऱ्याला घरामागच्या मांगरात मी ती एकेक भाग आणून जुळवली. ब्रेक बसले, वायरिंग झालं, बॉडी चढली. मग आता फक्त तेलं बदलायची राहिली म्हणून खाली शिरलो, तर मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचा, ड्रेन प्लग (तळाचं तेल सोडायचं बूच) जागचा हलेना. त्या एका प्लगपायी नऊ दिवस गेले. त्यातले पाच-सहा दिवस तरी माझा कामाचा क्रम चुकला म्हणून वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आपल्याकडे कोकणात हा त्रास घाटावरच्यापेक्षा जास्त होतो, आणि त्याला कारण आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि उरलेले आठ महिने दर्याचं खारं वारं असतं. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे लोखंड वरून कोरडं दिसलं तरी आट्यांच्या फटीत ओलंच राहतं. तिथे धरलेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. आट्यांमध्ये तेवढी जागा नसते, म्हणून तो प्लगला चारी बाजूंनी पाचर मारल्यासारखा आवळून धरतो. अशा प्लगशी नुसत्या जोराने झुंजायला गेलात, तर बहुधा प्लगचं डोकं आधी जातं.

१. प्लग कुठल्या जातीचा आहे ते बघा

पाना हातात घेण्याआधी टॉर्च घेऊन खाली शिरा. जुन्या गाड्यांत मुख्यतः तीन तऱ्हा दिसतात. सहा कडांचं डोकं बाहेर आलेला प्लग, चौकोनी डोकं बाहेर आलेला प्लग, आणि डोकं नसून मध्ये चौकोनी खळगा असलेला प्लग. तिघांना हत्यार वेगवेगळं लागतं.

दुसरी गोष्ट बघायची ती आट्यांची. प्लगला कॉलर असेल आणि त्याखाली तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर दिसत असेल, तर आटे सरळ आहेत आणि तेल वॉशरवर अडतं. कॉलर नाही, वॉशर नाही, प्लग नुसताच हाऊसिंगमध्ये (डिफरन्शियलच्या बाहेरच्या कवचात) घुसलेला दिसतो, तर तो बहुधा निमुळत्या आट्यांचा असतो, नळाच्या फिटिंगसारखा. तो जितका आवळावा तितका घट्ट रुततो, आणि आधीच्या मालकाने गळतीच्या भीतीने पाइप लावून आवळलेला असण्याची शक्यता मोठी. माझा तसाच होता: चौकोनी डोकं, निमुळते आटे.

खळग्याचा प्लग असेल तर खळगा आधी रिकामा करा. त्यात लाल माती आणि ग्रीस मिळून विटेसारखं घट्ट झालेलं असतं. पुढच्या अ‍ॅक्सलचा प्लग मला आधी सपाटच वाटला होता. खिळ्याने टोकरत बसलो तेव्हा मातीचा चौकोनी तुकडा अख्खाच्या अख्खा हातात आला, आणि आत स्वच्छ, कडा शाबूत असलेला खळगा निघाला. तळाशी थोडी जरी माती राहिली तरी पाना पूर्ण आत बसत नाही आणि कडा फाडतो.

२. सामान जमवून मगच सुरुवात करा

अर्ध्यात उठून बाजारात जावं लागलं की चिडचिड होते, आणि मग हाताशी असेल ते हत्यार वापरलं जातं. चूक तिथेच होते. एवढं जवळ ठेवा:

- तारेचा ब्रश, जुना खिळा किंवा टोच्या
- मुरलेला गंज सोडवणारा स्प्रे
- प्लगच्या मापाची गोटी (सॉकेट) आणि ती फिरवायला लांब पॉवर बार (रॅचेट नको, जोरात त्याचे दात तुटतात)
- साधारण हातभर लांबीचा मजबूत पाइप
- एक किलोची हातोडी, बोथट पंच, छिन्नी
- चांगला पाइप पाना
- तेल ओढायची सक्शन गन किंवा मोठी सिरिंज आणि तिला बसणारी प्लॅस्टिकची नळी
- पसरट घमेलं, फडकी, रबरी हातमोजे
- डोळ्यांवर लावायचा चष्मा
- नवा प्लग, वॉशर लागत असेल तर तोही, आणि दोन लिटर गिअर ऑइल

चष्म्याचं एवढ्यासाठी सांगतो की तुम्ही उताणे पडलेले असता आणि गंजाचे पोपडे सरळ डोळ्यांत पडतात.

गोटीबद्दल एक सूचना. सहा कडांच्या डोक्याला सहा कोनांचीच गोटी घ्या. बारा कोनांची गोटी फक्त टोकांवर पकडते आणि गंजलेल्या डोक्याच्या कडा मारते. चौकोनी डोक्याला मात्र सहा कोनांची गोटी बसतच नाही. त्याला आठ कोनांची मिळाली तर उत्तम, नाहीतर अंगाबरोबर बसणारा फिक्स पाना. अ‍ॅडजस्टेबल पाना या कामाला बिलकूल वापरू नका. मी वापरला. त्यावर पाइप चढवला, पान्याचा जबडा किंचित उघडला, आणि एका झटक्यात चौकोनाचे दोन कोपरे गुळगुळीत झाले. पुढचा सगळा त्रास त्यातून उभा राहिला.

३. गाडी जमिनीवरच राहू दे

जीप मुळात उंच असते, त्यामुळे शक्यतो चारही चाकं जमिनीवर ठेवूनच हे काम करा. पॉवर बारला मारलेला हिसका गाडीला आडवा लागतो, आणि जॅकवरची गाडी त्या हिसक्याने सरकू शकते. जागा सपाट हवी, चाकांना पुढून-मागून ओंडके लावा, गिअरमध्ये ठेवा.

उचलावीच लागली तर पोलादी स्टँड वापरा. आपल्या अंगणात जांभ्याचे चिरे रचलेले असतातच, आणि चार चिरे लावून गाडी टेकवायचा मोह होतो. ते करू नका. जांभा सच्छिद्र असतो. भिंतीत सगळ्या बाजूंनी भार वाटला जातो तेव्हा तो टिकतो, पण अ‍ॅक्सलचा भार एका ठिकाणी आला की चिरा फुटायला वेळ लागत नाही, आणि खाली तुम्ही असता. स्टँड नसतील तर मागून आणा, काम चार दिवस पुढे ढकला.

४. आधी वरचा प्लग

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. डिफरन्शियलला दोन प्लग असतात: तळाशी तेल सोडायचा, आणि बाजूला किंवा मागे वरच्या अंगाला तेल भरायचा. खालच्याला हात लावण्याआधी वरचा उघडतो याची खात्री करा. खालचा उघडला, तेल वाहून गेलं आणि वरचा उघडलाच नाही, तर तेल भरायला वाटच राहत नाही आणि गाडी आहे तिथे अडकते.

मला हे उशिरा कळलं. कुडाळहून आलेल्या वेल्डर काकांनी खाली वाकून बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "वयलो खोललस?" मी नाही म्हटलं. ते उठून उभे राहिले. "आदी वयलो खोल रे झिला, मगे खालच्याक हात लाव." त्या दिवशी त्यांनी मशीन गाडीतून खाली उतरवलंच नाही.

वरचा प्लग सहसा थोडा सोपा जातो, कारण त्याच्यावर दगड आपटत नाहीत आणि पाणी साठून राहत नाही. तरीही पुढची पाचवी आणि सहावी पायरी आधी त्याच्यावर करा. तुमचा हातही त्यावर बसेल.

५. घासा, भिजवा, थांबा

प्लगच्या भोवतीचा सगळा चिखल, रंग आणि गंज तारेच्या ब्रशने घासून काढा. प्लग आणि हाऊसिंग यांच्यामधली बारीक गोल रेघ उघडी दिसली पाहिजे. ती रेघ दिसेपर्यंत स्प्रे मारून उपयोग नाही, तो मातीच पिते.

स्प्रे कुठला? डब्ल्यूडी-४० घराघरांत असतो, पण तो मुळात १९५३ मध्ये पाणी हटवण्यासाठी बनवलेला. नावातल्या डब्ल्यूडीचा अर्थच 'वॉटर डिस्प्लेसमेंट'. हलक्या गंजाला तो चालतो. मुरलेल्या गंजासाठी खास गंज सोडवणारा स्प्रे घ्या, किंवा अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल निम्मंनिम्म मिसळून वापरा. ही दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवून घ्या. अ‍ॅसिटोन भडकन पेटतं आणि रंगही खातं, तेव्हा विडी-काडी लांब.

ड्रेन प्लग खाली तोंड करून असतो, त्यामुळे मारलेलं औषध ओघळून पडतं. त्यावर उपाय असा: कापसाचा बोळा औषधात भिजवून प्लगभोवती गुंडाळा, वरून प्लॅस्टिकचा तुकडा आणि तो धरायला चिकटपट्टी. सकाळ-संध्याकाळ बोळा पुन्हा भिजवा. असं किमान दोन दिवस, चार दिले तर बरं.

दर वेळी भिजवल्यावर प्लगच्या डोक्यावर सरळ, मध्यम ठोके द्या. जोरात नको, हाऊसिंग बिडाचं असतं आणि बीड तडकतं. ठोक्यांनी गंजाला सूक्ष्म भेगा पडतात आणि औषध आत शिरतं. पहिल्या दिवशी ठोक्याचा आवाज माझ्या कानाला भरीव, एकसंध लागत होता, जणू प्लग आणि हाऊसिंग मिळून एकच ठोकळा. वरच्या प्लगचा आवाज तिसऱ्या दिवशी किंचित फुटका, हलका झाला, आणि त्याच संध्याकाळी तो सुटला. खालच्याचा आवाज मात्र तसाच राहिला.

गाडी चालती असेल तर दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा आणि गरम असतानाच प्रयत्न करा. तेल पातळ होतं, शिवाय हाऊसिंग थोडं प्रसरण पावतं.

६. जोर कसा लावायचा

आधी दिशा ठरवा. तुम्ही प्लगकडे खालून, त्याच्या तोंडासमोरून बघत असाल तर घड्याळाच्या उलट दिशेने उघडतो. हे सांगायची गरज वाटणार नाही, पण उताणं पडून, डोक्याच्या मागे हात नेऊन काम करताना दिशा हमखास उलटते आणि माणूस तासभर प्लग आवळत बसतो. खडूने हाऊसिंगवर बाण काढून ठेवा.

पहिला जोर किंचित आवळायच्या दिशेने द्या, अगदी केसभर. गंजाची पकड मोडायला कुठल्याही दिशेची हालचाल चालते. मग उघडायच्या दिशेने. हिसके मारण्यापेक्षा सतत, वाढता दाब द्या आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाला प्लगच्या जवळ हाऊसिंगवर हलके ठोके मारायला सांगा. म्हणून हे काम दोघांचं आहे. बारचं टोक दोन्ही हातांनी धरा आणि पाय कुठेतरी टेकवा. पाना अचानक सुटला तर हात कुठे आदळेल ते आधी बघा. स्प्रिंगच्या पट्टीची कड फार धारदार असते.

खळग्याच्या प्लगला बऱ्याचदा अर्धा इंची एक्स्टेन्शनचं टोक थेट बसतं. आधी बसवून बघा. ढिलं वाटलं तर नेमक्या मापाचा चौकोनी पोलादी तुकडा मागवा किंवा लेथवाल्याकडून करून घ्या. ढिल्या हत्याराने एकदाही प्रयत्न करू नका.

प्लग हलला की लगेच पूर्ण सोडवायची घाई नको. पाव फेरा उघडा, थोडा परत आवळा, औषध मारा, पुन्हा उघडा. घाई केली तर गंजाचे कण आटे खरवडत बाहेर येतात.

७. नाही निघाला तर इथे थांबून विचार करा

आपल्याला तेल बदलायचं आहे. प्लग काढणं हे त्याचं एक साधन आहे, आणि दुसरी साधनंही आहेत. वरचा प्लग उघडला असेल तर त्यातून नळी तळापर्यंत घालून सक्शन गनने जुनं तेल ओढून काढा. तळाशी थोडं राहतं. मग अर्धा लिटर नवं तेल घाला, चाक हाताने फिरवा, तेही ओढून काढा. असं दोनदा केलं की बरंच स्वच्छ होतं.

काही अ‍ॅक्सलना मागे बोल्टचं झाकण असतं, जुन्या डॅना ४४ ला दहा बोल्टचं. ते उघडलं तर सगळं तेल निघतं, तळाचा गाळ पुसता येतो, क्राउनचे (आतल्या मोठ्या गिअरचे) दात डोळ्यांनी बघता येतात. फक्त नवं गॅस्केट किंवा सिलिकॉन लागतं. माझ्या मते झाकण असलेल्या अ‍ॅक्सलवर रुतलेल्या ड्रेन प्लगशी भांडण्यात अर्थच नाही. झाकण उघडा आणि पुढे चला.

माझ्या अ‍ॅक्सलचं मागचं कवच न उघडणारं, कायमचं जोडलेलं होतं आणि ओढून काढलेलं तेल दुधाळ होतं, म्हणजे आत पाणी. तळाचा गाळ काढल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं, म्हणून मी पुढे गेलो.

८. उष्णता

गॅस टॉर्चने प्लग तापवू नका, प्लगच्या भोवतीचं हाऊसिंग तापवा. भोक रुंदावतं आणि पकड सुटते. त्याआधी तेल ओढून काढलेलं हवं आणि वरचा प्लग उघडा हवा, नाहीतर आत दाब धरतो. गिअर ऑइलची वाफ दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास पेट घेऊ शकते, त्यामुळे ज्वाला एका जागी धरून ठेवायची नाही, सतत फिरवत राहायची. अ‍ॅक्सलवरून जाणारी ब्रेकची नळी, रबरी होज आणि डिझेलची टाकी कुठे आहे ते आधी बघून ओल्या गोणपाटाने झाका. बाजूला बादलीभर वाळू आणि आग विझवायचा सिलिंडर. अ‍ॅसिटोनचं मिश्रण वापरलं असेल तर ते पूर्ण सुकल्याशिवाय टॉर्च पेटवायचाच नाही.

तापलेल्या प्लगच्या रेघेला साधी मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. गॅरेजमध्ये ही युक्ती जुनी आहे आणि माझ्या पुढच्या अ‍ॅक्सलवर ती चालली.

९. कडा गेलेल्या असतील तर

आधी पाइप पाना. तो जसा जोर वाढेल तसा जास्त चावतो. मग छिन्नी: प्लगच्या कडेला एक खाच पाडायची आणि छिन्नी तिरकी धरून उघडायच्या दिशेने ठोके द्यायचे. छिन्नी हाऊसिंगला लागू देऊ नका.

हे दोन्ही फसल्यावर वेल्डिंग, आणि ते सवयीच्या वेल्डरकडूनच. प्लगवर त्याच्यापेक्षा मोठा नट ठेवून नटाच्या भोकातून आत वेल्ड भरायचा. नव्या नटाला ताज्या कडा मिळतात, आणि वेल्डची उष्णता प्लगच्या गाभ्यात उतरून गंजाची पकड मोडते. तीन गोष्टी सांभाळा. बॅटरीची अर्थ वायर आधी काढा. मशीनचा अर्थ क्लॅम्प प्लगच्या अगदी जवळ, अ‍ॅक्सलच्याच घासलेल्या जागेवर लावा. तो चॅसीला किंवा चाकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगला डाग पडतात. आणि तेल आत ठेवून वेल्डिंग करायचं नाही.

काका दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी नट भरला आणि लाली जाईपर्यंत थांबले. पाणी ओतू दिलं नाही, बीड तडकतं म्हणून. मग रिंग पाना लावून एकदा आवळायच्या बाजूला, एकदा उघडायच्या. तिसऱ्या खेपेला करकर आवाज आला आणि प्लग फिरला. आट्यांत कॉफीच्या भुकटीसारखा तपकिरी गंज ठासून भरलेला होता.

१०. निघाल्यावर

जे बाहेर येतं ते नीट बघा. करडी, बोटावर मऊ लागणारी पेस्ट म्हणजे नेहमीची झीज. चकचकीत चुरा किंवा दाताचा तुकडा असेल तर तेल भरू नका, डिफरन्शियल उघडा. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरलंय. गरम डिफरन्शियल ओढ्याच्या किंवा खाडीच्या पाण्यात बुडलं की आतली हवा एकदम आक्रसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायची बारीक वाट) बंद असेल तर सीलमधून पाणी आत खेचलं जातं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पुराचं पाणी भरलं, तशा पुरात उभ्या राहिलेल्या गाडीचा अ‍ॅक्सल विकत घेणार असाल तर हे आधी तपासा. ब्रीदर उघडून फुंकून बघा, माझ्यात लाल मातीचं बूच बसलेलं होतं.

भोकाचे आटे ब्रशने साफ करा, गरज पडली तर नेमक्या मापाचा टॅप हाताने फिरवा. जुना प्लग पुन्हा लावू नका. साधा बोल्ट मारून वेळ भागवू नका, निमुळत्या भोकात सरळ आट्यांचा बोल्ट आटे बिघडवतो. निमुळत्या प्लगला टेफ्लॉन टेप किंवा थ्रेड सीलंट, सरळ आट्यांच्या प्लगला नवा वॉशर आणि आट्यांवर किंचित तांब्याचं ग्रीस. आवळताना पाइप नको, साधा पाना आणि हाताचा जोर पुरे.

तेल हायपॉइड गिअरसाठीचं (डिफरन्शियलमधले गिअर या जातीचे असतात), जीएल-५ दर्जाचं, सहसा ८०डब्ल्यू-९०. उरलेलं तेच तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नका. तिथे पितळी रिंगा असतात, आणि जुन्या गिअरबॉक्सना बहुधा जीएल-४ सांगितलेलं असतं. डबा तासभर उन्हात ठेवला तर पंपातून सहज जातं. गाडी सपाट उभी करून वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा. तिथून थेंब पडायला लागले की पुरे.

जुनं तेल हा धोकादायक कचरा आहे. ते वाळवीसाठी खांबांना फासायची आपल्याकडे जुनी सवय, पण पावसात ते जमिनीत उतरतं आणि जांभ्यातून विहिरीपर्यंत जायला अडथळा काही नसतो. कॅनमध्ये भरून, जुनं तेल अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजकडे पोचवा.

पन्नासेक किलोमीटर झाल्यावर खाली वाकून दोन्ही प्लगवरून कोरडं बोट फिरवा. ओलं लागलं तर अगदी थोडं आवळा. मी आता दरवर्षी मे महिन्यात, मृगाच्या आधी, दोन्ही प्लग घासतो. वरचा एकदा उघडून बोट घालून तेलाची पातळी बघतो, आणि बंद केल्यावर दोघांच्याही भोवतीच्या रेघेत ग्रीस भरून ठेवतो.